सागाच्या गावातलं काँक्रीट



परतवाडा हे लाकडाचं गाव. मेळघाटातून उतरलेलं सागवान इथल्या डेपोत थप्प्या लावून पडतं, त्याचे लिलाव होतात. वऱ्हाडातल्या कितीतरी जुन्या वाड्यांचे खांब, तुळया आणि दारांच्या चौकटी कुठून आल्या म्हणून शोध घेतला, तर तो याच वाटेनं सातपुड्यात जाऊन पोहोचतो. इंग्रजी अमदानीत इथं छावणी होती. त्या काळचे बंगले उतरत्या कवेलूंचे आणि लांबरुंद पडव्यांचे. अशा ह्या गावात आज कुणी घर बांधायला काढलं, की मालकाच्या तोंडी लाकडाचं नाव येत नाही. तो म्हणतो, “आधी कॉलम उभे करतो, स्लॅब टाकतो, मग बाकीचं पाहू.”

परतवाड्यात हे चाललं आहे, अचलपुरात चाललं आहे, आणि चांदूर बाजारपासून दर्यापूरपर्यंत कुठल्याही खेड्यात गेलात तरी हेच दिसेल. मुलगी द्यायची तर बाप विचारतो, घर स्लॅबचं आहे का? घरकुलाचा हप्ता मिळाला की पहिली धडपड स्लॅबची. स्लॅबच्या दिवशी गवंड्यांना, मजुरांना गोडाचं जेवण. एक गंमत सांगतो. आपल्याकडे स्लॅब ओतला की लोक म्हणतात, “काल आमचा स्लॅब पडला!” बाहेरगावचा माणूस हे ऐकून दचकतो आणि कुणाला लागलं तर नाही ना, म्हणून चौकशी करतो.

ह्या ओढीला नुसती फॅशन म्हणणारे पुष्कळ आहेत. शहरात राहून खेड्यातल्या मातीच्या घरांची तारीफ करणारे तर फारच. मला ते पटत नाही. ज्यानं कवेलूचं घर सांभाळलं आहे त्याला विचारा. दरसाल मृगाच्या आधी शाकारणी करायची. वर वानरांची टोळी एकदा नाचून गेली की पुन्हा करायची. आढ्याला वाळवी लागते, पाटणीत उंदीर, कुडात विंचू. धाब्याच्या घरावर खारी माती पसरायची, आणि झडीचा पाऊस आठ दिवस लागला की रात्री उठून पातेली मांडायची. गावात आग लागली तर एका घरावरून दुसऱ्यावर उडी घेते. तेव्हा ‘पक्कं घर’ ह्या शब्दात वऱ्हाडी माणसाला जी निश्चिंती ऐकू येते, तिची थट्टा करू नये. शिवाय लाकूड राहिलंय कुठं? १९७४ साली मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, तोडीवर बंधनं आली, आणि ती यायलाच हवी होती. चांगल्या सागाची तुळई साध्या शेतकऱ्याच्या हाताबाहेर गेली. सिमेंटची पोती मात्र उधारीवरदेखील मिळतात.

पण हे झालं आपलं. जगातले मोठमोठे वास्तुशिल्पीही काँक्रीटवर लुब्ध आहेत. त्यांना वानरांची आणि वाळवीची भीती नाही, पैशाचीही चणचण नाही. संगमरवर मागवला तर संगमरवर येईल. तरी ते काँक्रीटच का निवडतात, आणि वर गिलावा न करता ते उघडं का ठेवतात, हे कळलं तर आपल्या स्लॅबच्या घराचंही थोडं भलं होईल, म्हणून हा विषय घेतला.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. सिमेंट, रेती, गिट्टी आणि पाणी. सिमेंट म्हणजे चुनखडी आणि चिकणमाती सुमारे १४५० अंश उष्णतेवर भाजून, थोडा जिप्सम घालून दळलेली भुकटी. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्यानं त्याचं पेटंट घेतलं. घट्ट झाल्यावर ते पोर्टलंड बेटाच्या दगडासारखं दिसे, म्हणून त्याचं नाव पोर्टलंड सिमेंट. विदर्भाला ही वस्तू परकी नाही. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूर इकडे चुनखडीच्या खाणी आहेत आणि तिथंच कारखाने.

कल्पना तर त्याहून फार जुनी. रोममध्ये पँथिऑन नावाचं देऊळ आहे. इसवी सन १२५ च्या सुमारास बांधलेला त्याचा घुमट ४३ मीटर रुंदीचा, आणि तो काँक्रीटचा आहे. आत लोखंडाची एक सळाख नाही. रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळत. आपले गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी, घालून घाणीत मळत. गाविलगडाचे बुरूज आणि अचलपूरबाहेरचा हौजकटोरा चुन्याच्याच जोरावर उभे राहिले. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा सिमेंटांत औष्णिक वीजकेंद्रांतली कोळशाची राख मिसळलेली असते. अकोला जिल्ह्यात पारसला निघते तशी. म्हणजे सुरखीची जागा राखेनं घेतली आहे, युक्ती मात्र तीच.

आता लोखंड कशाला लागतं? शिक्षक मंडळींच्या हाताशी खडू असतोच. खडू उभा धरून टोकावर दाबा. चांगला भार सोसतो. तोच आडवा धरून दोन्ही टोकांनी वाकवा, कटकन मोडेल, आणि नीट पाहिलंत तर फाटायला सुरुवात खालच्या बाजूनं होते. काँक्रीटचं तसंच आहे. दाब सोसण्याची त्याची ताकद ताण सोसण्याच्या ताकदीच्या सुमारे दहापट. खोलीवरचा स्लॅब स्वतःच्या वजनानं खाली झुकू पाहतो, त्याची खालची बाजू ताणली जाते. म्हणून तिथं सळाखी घालायच्या. दाब काँक्रीटनं घ्यावा, ताण लोखंडानं. ह्यात निसर्गाची एक मेहेरबानी अशी, की लोखंड आणि काँक्रीट उन्हानं जवळजवळ सारख्याच प्रमाणात फुगतात. तसं नसतं, तर वऱ्हाडातल्या एकाच उन्हाळ्यात दोघं एकमेकांना सोडून मोकळे झाले असते.

वास्तुशिल्प्याला ह्यातून काय मिळालं? दगडाचा घडीव चिरा फार तर चार-पाच हात रुंदीचा दरवाजा झाकेल. पुढं कमान काढावी लागते. लाकडाची तुळई झाड जेवढं लांब तेवढीच. काँक्रीटला झाडाची लांबी नाही आणि खाणीचा थर नाही. ते ओतायचं असतं. साचा जसा, तसं ते होतं. भिंतीवर भार न टाकता मजला उभा राहतो, कोपऱ्यात खांब नसलेली खिडकी काढता येते, छज्जा हवेत पुढं काढता येतो. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९३० नंतर उभ्या राहिलेल्या इमारती पाहा. त्यांचे गोल वळणाचे सज्जे आणि खिडक्यांवर भुवयांसारखे काढलेले छज्जे ह्याच साहित्यामुळे झाले. २०१८ साली युनेस्कोनं त्यांतल्या पुष्कळ इमारती जुन्या गॉथिक इमारतींसह जागतिक वारशात घेतल्या.

त्या इमारतींनी काँक्रीट रंगाखाली आणि गिलाव्याखाली लपवलं होतं. ते उघडं ठेवण्याचं धाडस ल कॉर्ब्युझिए ह्या स्विस-फ्रेंच वास्तुशिल्प्यानं मोठ्या प्रमाणावर केलं. फ्रान्समध्ये मार्सेय इथं त्याची एक प्रचंड वसाहत-इमारत १९५२ साली पुरी झाली. महायुद्धानंतरचे दिवस, कारागीर नाना ठेकेदारांचे. फर्मे काढल्यावर पृष्ठभाग खडबडीत निघाला, फळ्यांचे सांधे उमटले. दुसऱ्या कुणी वरून गिलावा फासला असता. ह्यानं ते तसंच ठेवलं. फ्रेंच भाषेत कच्च्या, उघड्या काँक्रीटला ‘बेतों ब्रूत’ म्हणतात. त्या ‘ब्रूत’वरूनच पुढं इंग्रजीत ह्या घराण्याला ‘ब्रूटॅलिझम’ हे नाव पडलं. लोक समजतात की क्रूर दिसतं म्हणून ते नाव. तसं नाही, मूळ अर्थ ‘कच्चं’ एवढाच.

हाच माणूस १९५१ पासून आपल्याकडे चंडीगढला काम करीत होता. तिथलं उच्च न्यायालय १९५५ साली सुरू झालं, विधानसभेची इमारत त्यानंतर काही वर्षांनी. हे काम मोठमोठ्या यंत्रांनी झालेलं नाही. बायाबापड्यांनी डोक्यावर घमेली घेऊन, उतरत्या परांच्यांवरून चढून ते काँक्रीट वर नेलं. भिंतींपाशी जाऊन उभं राहिलं तर फळीफळीचा ठसा दिसतो, फळीच्या रेषा दिसतात, गाठी दिसतात. परतवाड्याच्या माणसानं हे मुद्दाम लक्षात घ्यावं. लाकूड निघून गेलं तरी त्याचा माग दगडासारख्या काँक्रीटवर राहिला आहे. उघड्या काँक्रीटवर वास्तुशिल्पी भुलतात त्यातलं अर्धं कारण हे आहे, की कुणी काय केलं ते सगळं त्यावर दिसतं. फळी कशी जोडली, कालवण कुठं थांबलं, दुसऱ्या दिवशी कुठून सुरू झालं. हातचलाखीला वाव नाही. सुताराचा हात जेवढा सफाईचा, तेवढंच काँक्रीट सफाईचं.

आपल्या मराठी मुलुखातला ह्या वाटेवरचा मोठा माणूस म्हणजे अच्युत कानविंदे. जन्म १९१६ चा, कोकणातल्या आचऱ्याचा. मुंबईच्या जे. जे. मधून शिकून ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथं वाल्टर ग्रोपिअसच्या हाताखाली शिकून परतले. कानपूरच्या आयआयटीचा परिसर त्यांचा. काँक्रीटची चौकट उघडी, मध्ये विटांचं भरण, आणि इमारतींना जोडणाऱ्या सावलीच्या वाटा. गुजरातेत मेहसाण्याची दूधसागर डेअरी त्यांनी उभारली. तिच्या छतावर हवा खेळती ठेवण्यासाठी उंच मनोरे काढले आहेत, लांबून एखाद्या किल्ल्यासारखे दिसतात. दूध तापवायच्या कारखान्यात उष्णता किती होते ते सांगायला नको. ती वर काढून द्यायची, हा त्या मनोऱ्यांचा हेतू. शोभा आपोआप आली.

इथंच मला आपल्या घरांविषयी बोलायचं आहे. ह्या लोकांनी काँक्रीट घेतलं, तेव्हा उन्हाचा विचार आधी केला. आपण स्लॅब घेतला आणि ऊन विसरलो.

वऱ्हाडातला मे महिना आपण जाणता. अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांच्या वर चढतो. स्लॅबच्या घरात दुपार कशीबशी निघते. खरी दैना रात्री. बाहेर वारा गार झालेला असतो आणि आत छत निखाऱ्यासारखं. म्हातारी माणसं, तान्ही लेकरं रात्रभर तळमळतात. मग गच्चीवर पाणी शिंपा, कूलर लावा, वीज गेली तर अंगणात खाटा टाका. ह्याचं कारण समजून घ्या. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो. ती उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला तीनएक तास लागतात. दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी घरात उतरतं, आणि मग साठलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली पाझरत राहते. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीतून हाच प्रवास व्हायला दहा-बारा तास तरी लागतात. तोवर पहाट झालेली असते आणि थोडी ऊब कुणाला जाचत नाही. धाब्याचं छत जाड मातीचं, म्हणून त्याचंही तसंच. आजोबांच्या घराला थंडावा होता तो जाडीमुळे. तिथं पातळ स्लॅब आणि एका विटेची भिंत आली, की तो गेला.

चंडीगढच्या उच्च न्यायालयावर काय केलं आहे पाहा. वर एक भलं मोठं कमानींचं छत्र, त्याखाली मोकळी जागा, आणि त्याखाली खोल्यांचं खरं छत. ऊन छत्रावर पडतं, मधून वारा वाहतो, खालचं छत निवांत. खिडक्यांपुढं काँक्रीटच्या उभ्या-आडव्या पट्ट्या काढून ऊन बाहेरच्या बाहेर अडवलं आहे. मुंबईला चार्ल्स कोरिआ ह्यांनी १९८३ साली पूर्ण केलेल्या कांचनजंगा इमारतीत उंच उंच कोपरे कापून दोन मजली पडव्या काढल्या. जुन्या बंगल्याची पडवी त्यांनी आकाशात नेली म्हणा ना. बाळकृष्ण दोशी हे पुण्यात १९२७ साली जन्मलेले, कॉर्ब्युझिएच्या पॅरिसमधल्या कचेरीत काम केलेले. त्यांना २०१८ साली प्रिट्झ्कर पारितोषिक मिळालं. ह्या विद्येतला तो सर्वोच्च मान, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांनी अहमदाबादला १९८० च्या सुमारास स्वतःची कचेरी बांधली, तिचं नाव ‘संगत’. ती अर्धी जमिनीत उतरवली, वर अर्धगोल छपरं केली आणि त्यांवर पांढऱ्या चिनी मातीचे फुटके तुकडे बसवले. पांढरा रंग ऊन परतवून लावतो.

ह्यातलं आपल्याला काय जमेल? पुष्कळ जमेल, आणि स्वस्तात. गच्चीवर दर फाल्गुनात पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. खर्च थोडा, फरक त्याच रात्री कळतो. जमलं तर फुटक्या पांढऱ्या फरशा मागून आणा, दुकानदार फुकट देतात, आणि त्या बसवून घ्या. स्लॅबवर मातीची पोकळ भांडी उपडी मांडून वर कोबा करण्याची रीतही कित्येक ठिकाणी आहे. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी कमी आणि पडवी जास्त ठेवा. आणि एक मौज. आपल्याकडे पुष्कळ जण स्लॅब गळू लागला म्हणून कंटाळून वर टिनाचं शेड ठोकतात. शेजारी हसतात, की स्लॅबवर टिन म्हणजे धोतरावर विजार. हसू नका. चारही बाजूंनी वारा खेळू दिला, तर त्या माणसानं नकळत उच्च न्यायालयाचं छत्रच उभारलं आहे. जुने कवेलू उकिरड्यावर फेकण्यापेक्षा तिथं वर चढवले तर टिनाहूनही बरे.

पण स्लॅब गळतोच का? ह्याला सिमेंट कंपनी क्वचित जबाबदार असते. बहुधा पाणी जबाबदार असतं. कालवताना पाणी फार आणि नंतर पाणी थोडं, अशी आपली उलटी रीत. पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस ते अठ्ठावीस लिटर पाणी पुरे, आणि रेती ओली असेल तर त्याहून कमी. पातळ कालवण पसरायला सोपं जातं, म्हणून मजूर वरून आणखी बादली ओततात. ते जादा पाणी पुढं उडून जातं आणि जाताना केसाएवढी भोकं ठेवतं. पाऊस त्याच वाटांनी आत येतो. लोखंडापर्यंत पोहोचला की लोखंड गंजतं, गंजताना फुगतं, आणि खालचे पापुद्रे खाटेवर पडू लागतात.

उलट ओतून झाल्यावर पाणी हवं. काँक्रीट वाळून घट्ट होतं हा समज चुकीचा आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. पाणी संपलं की तिथंच थांबतं. अचलपूरचे एक वयस्क मिस्त्री मला म्हणाले होते, “मास्तर, हे लेकरावानी असते जी. पयले आठ-धा दिस त्याले पाणी पाजाच लागते, मंग ते जन्मभर तुमाले पाठीवर घेते.” आपल्यासारख्या कोरड्या, उष्ण हवेत दहा दिवस तरी स्लॅब ओला राहिला पाहिजे, राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा. गच्चीवर मातीच्या पाळी घालून पाणी कोंडून ठेवावं, कॉलमला ओली पोती गुंडाळावी. उन्हाळ्यात विहिरी आटलेल्या असताना स्लॅब टाकण्याची घाई का करतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. लग्नाची तिथी असते म्हणतात. दिवाळीनंतरचे महिने ह्या कामाला सोन्यासारखे.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या श्रोत्यांना वेगळं सांगायचं आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर ह्या बाजूला खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही आणि माणसालाही नाही. ते स्लॅबलाही चालत नाही. पाण्यातलं मीठ काँक्रीटमध्ये कोंडलं जातं आणि आतून लोखंड खातं. बाहेरून घर दहा-बारा वर्षं ठणठणीत दिसेल, आत सळाखी पोखरत असतील. नळयोजनेचं गोडं पाणी टँकरनं आणावं लागलं तरी कालवणाला तेच वापरा. तिथली काळी जमीनही अवघड. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर फाटते. पाया त्या काळीत ठेवला तर काँक्रीटचा कॉलमदेखील डुलेल आणि भिंती तिरक्या तडकतील. खाली मुरूम लागेपर्यंत जा. फार खोल असेल तर तज्ज्ञाला विचारून खालून फुगीर अशा खुंटांवर घर उभं करा. ह्या रीतीवर रुडकीच्या इमारत संशोधन संस्थेनं पुष्कळ काम केलं आहे.

आणि लोखंडाला काँक्रीटचं पांघरूण हवं. फर्म्याच्या पत्र्यावर सळाखी तशाच टेकवून ओतायचं हा प्रकार मी अनेक गावांत पाहिला आहे. सळाखीखाली स्लॅबला वीस मिलिमीटर तरी काँक्रीट पाहिजे, म्हणजे साधारण बोटभर. सिमेंटच्या छोट्या वड्या आदल्या आठवड्यात पाडून ठेवा आणि त्या सळाखीखाली सरकवा. घरातली पोरंसुद्धा हे काम हौसेनं करतील.

भूकंपाचा विषय निघाला की लोक म्हणतात, काँक्रीट असलं म्हणजे भीती नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला सुमारे आठ हजार माणसं गेली. दोन-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, चिखलात रचलेल्या, आणि त्यांवर मातीचं जड माळवद. एका दगडाला दुसऱ्या दगडाचा आधार नव्हता. त्यानंतर मराठवाड्यात स्लॅबचं प्रस्थ वाढलं ते समजण्यासारखं आहे. आपला मेळघाटही अगदी सुरक्षित नाही. २०१८ च्या पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या साद्राबाडी परिसराला धक्के बसले, लोक रात्री उघड्यावर निजले. पण वजन लक्षात घ्या. दहा फूट बाय दहा फूट खोलीवरचा चार इंची स्लॅब सुमारे सव्वादोन टनांचा होतो. कच्च्या भिंतींवर तो नुसता ठेवला, तर माळवद बरं म्हणायची पाळी येईल. त्याउलट दारांच्या डोक्यावरून घरभर फिरणारा काँक्रीटचा एक पट्टा, आत चार सळाखी, चारही कोपरे न तोडता बांधलेला, एवढ्यानं मातीविटांचं किंवा दगडाचं घरसुद्धा एकजूट राहतं. जुनं घर पाडण्याआधी हा पर्याय इंजिनिअरला विचारा. कोरकू बांधवांची बांबूच्या ताट्यांची, वरून मातीनं सारवलेली घरं तर हलकी आणि लवचीक. धारणी तालुक्यात लवादा इथं संपूर्ण बांबू केंद्रानं बांबूच्या कामाला नवं वळण दिलं आहे. तिथं जाऊन पाहिल्याशिवाय मेळघाटात सरसकट स्लॅबच हवा, असं मी तरी म्हणणार नाही.

सिमेंटची एक किंमत पोत्यावर छापलेली नसते. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली, की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कर्बवायू हवेत जातो. भट्टीला लागणाऱ्या कोळशाचा धूर वेगळा. जगातल्या माणसांनी हवेत सोडलेल्या एकूण कर्बवायूपैकी सात-आठ टक्के सिमेंटपायी जातो, असा अंदाज आहे. गिट्टीसाठी टेकड्या फुटतात, रेतीसाठी नद्यांची पात्रं खरवडली जातात. म्हणून मी म्हणतो, जिथं ताण सोसायचा, अंतर ओलांडायचं, घराला बांधून धरायचं, तिथं काँक्रीट घाला. गोठ्याला, कुंपणाला, अंगणालाही तेच फासण्यात हौसेपलीकडे काही नाही. अंगणात काँक्रीट केलं की पावसाचं पाणी मुरत नाही, आणि संध्याकाळी तेही स्लॅबसारखंच तापलेलं असतं.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींसाठी एक प्रयोग. लाकडाच्या पट्ट्यांचे वीतभर लांब, दोन बोटं रुंद असे चार साचे करा. एक भाग सिमेंट, तीन भाग रेती आणि बेताचं पाणी घेऊन कालवण करा. पहिल्या साच्यात ते भरून उन्हात ठेवा. दुसऱ्यात तेच भरून दुसऱ्या दिवशी ओल्या पोत्यात गुंडाळा. तिसऱ्यासाठी कालवणात दीडपट पाणी घाला, बाकी सारं दुसऱ्यासारखं. चौथ्यात तळाशी दोन-तीन जाड तारा, पेरभर उंचीवर, घालून भरा आणि तोही ओल्या पोत्यात ठेवा. दहाव्या दिवशी प्रत्येक कांडी दोन विटांवर आडवी ठेवून मध्ये दोरीनं डबा टांगा आणि डब्यात थोडी थोडी रेती घाला. कोणती कांडी किती रेतीला मोडली ते मुलांनी फळ्यावर लिहावं.

मग तारेची आणखी एक कांडी घ्या, पण ती एका टोकाला टेबलावर दडपून दुसरं टोक छज्जासारखं बाहेर काढा. एकदा तारा खालच्या बाजूला ठेवून भार टांगा, आणि दुसऱ्या तशाच कांडीला तारा वर येतील अशी उलटी करून. छज्जात ताण वरच्या अंगाला येतो, बादली धरून हात आडवा पसरला तर दंडाच्या वरच्या बाजूला ओढ बसते तसा. आपल्या गावांत छज्जे कोसळतात त्यांतले पुष्कळसे सळाखी खाली राहिल्यामुळे, किंवा ओतताना मजुरांच्या पायांनी खाली दबल्यामुळे कोसळतात. दोन्ही कांड्यांचे तुकडे वर्गाच्या खिडकीत मांडून ठेवा. ज्यांच्या घरी बांधकाम चालू आहे ती मुलं त्याच संध्याकाळी मिस्त्रीला जाऊन विचारतील, “काका, छज्जाचं लोखंड वर घेतलं का?”